लावरीची अंडी प्रथमच उबविताना



अंडी उबवावयास यंत्र कशाला, असे आपणांपैकी अनेकांस वाटेल. खुडूक कोंबडी टोपलीत बसविली की एकविसाव्या दिवशी पिल्ले, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो. जपानी लावरीची गोष्ट निराळी. माणसाच्या पिंजऱ्यात पिढ्या काढता काढता ही पक्षीण अंडी घालावयास विसरली नाही; ती उबवावयाचे मात्र बहुतेक विसरली. १९७४ साली ती बरेलीजवळच्या इज्जतनगरास आणली गेली, आणि आता आपल्याकडेही तिची अंडी बाजारात दिसतात.

आम्ही दोन डझन अंडी आणली. एकेक अंडे जेमतेम दहा ग्रॅमचे, अंगावर तपकिरी ठिपके. या ठिपक्यांमुळे दिव्यासमोर धरूनही आतले नीट दिसत नाही. यंत्रात पंखा होता, म्हणून उष्णता साडेसदतीस अंश सेल्सिअसवर राखली. दिवसातून तीनदा अंडी फिरवावयाची, नाहीतर गर्भ आतल्या पडद्याला चिकटतो. चौदाव्या दिवसानंतर फिरविणे बंद, पेटीतली ओल वाढवावयाची आणि झाकण उघडावयाचे नाही. खरी कसोटी इथेच!

सतराव्या दिवशी पेटीतून टकटक ऐकू आली. मौज अशी की ही पिल्ले कवचातूनच एकमेकांस हाका देतात. केंब्रिजच्या मार्गारेट व्हिन्स यांनी १९६०च्या दशकात दाखवून दिले, की शेजारच्या अंड्यातला आवाज ऐकून मागे राहिलेले पिल्लू घाई करते आणि सारी जवळजवळ एकाच वेळी बाहेर पडतात. म्हणून अंडी एकमेकांस लागून ठेवावीत.

एका अंड्याला सकाळी भोक पडले, ते दुपार उलटली तरी तसेच. आमच्या मातोश्री म्हणाल्या, "अरे, गुदमरेल ते! सोडव की त्याला." आम्ही हात आखडता घेतला. त्या वेळी पडद्यातल्या शिरांत रक्त खेळत असते, पिवळा बलक पोटात ओढला जात असतो. घाईने कवच काढले तर पिल्लू रक्त जाऊन मरते. आणि झाकण उघडले की ओल जाऊन इतरांचे पडदे सुकतात, पिल्ले आतच आवळली जातात. मातोश्री त्या दिवशी आमच्याशी बोलल्या नाहीत. रात्री नऊला ते पिल्लू आपण होऊन बाहेर आले. दुसरे एक मात्र भोक पाडूनच थांबले, ते कायमचे. त्याला मदत केली असती तर वाचले असते काय, यावर घरात अजून वाद आहे.

एकंदर सतरा निघाली. बलक पोटात असल्याने पहिला दिवस त्यांस दाण्याची निकड नसते. अंग सुकेपर्यंत ती पेटीतच ठेवली. मग दिव्याच्या उबेत, पहिला आठवडा सुमारे पस्तीस अंश. पाण्याच्या बशीत मुलांच्या गोट्या घातल्या, कारण एवढीशी पिल्ले बोटभर पाण्यातही बुडतात. गोट्या परत केव्हा मिळणार, अशी मुलांची तक्रार आहे. पिल्ले थोडी मोठी झाली की मिळतील.