हरूनही स्मरणात राहिलेला माणूस
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आजचा प्रसंग गुणगौरवाचा आहे. परीक्षेत वरचे क्रमांक मिळविलेल्या आपल्या मुलामुलींना आताच पारितोषिके देण्यात आली व आपण सर्वांनी टाळ्यांच्या गजरात त्यांचे कौतुक केले. ते योग्यच झाले. परंतु ज्याला पारितोषिक मिळाले नाही, त्याच्या वाट्याला समाजाने काय द्यावे, हा प्रश्न शाळामास्तराच्या पेशात आयुष्य घालविल्यामुळे मला नेहमी सतावीत आला आहे. त्या प्रश्नाचे एक उत्तर मला इंग्लंडातील एका लहानशा गावच्या फुटबॉलशौकिनांच्या वर्तनात आढळले. तेच आज आपल्यापुढे मांडावे, असे योजिले आहे.

इंग्लंडच्या पूर्व भागात लिंकन नावाचे प्राचीन नगर आहे. टेकडीवर तेथील भव्य कॅथीड्रल उभे आहे. त्या कॅथीड्रलमध्ये दगडात कोरलेली एका खट्याळ पिशाच्चाची लहानशी मूर्ती आहे व तिच्यावरूनच तेथील फुटबॉल संघाला ‘इम्प्स’ हे लाडके नाव पडले आहे. हा लिंकन सिटी क्लब १८८४ साली स्थापन झाला. इंग्लंडच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये चार श्रेणी असून त्यांत ९२ क्लब खेळतात. पहिल्या श्रेणीतील धनाढ्य संघांची नावे आपल्याकडील शाळकरी पोरांनाही पाठ असतात. लिंकनचा संघ मात्र बहुतेक काळ खालच्या श्रेणींतच वावरला. तरीही गावकऱ्यांची निष्ठा ढळली नाही. ज्यांनी कोल्हापुरास शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि खंडोबा तालीम यांचा सामना पाहिला असेल, त्यांना या निष्ठेचे मर्म वेगळे समजावून सांगावयास नको. पेठेचा संघ हा पेठेचाच असतो. तो हरला म्हणून कोणी पेठ बदलीत नाही.

इंग्लिश क्लबात व्यवस्थापक म्हणजे कचेरीत बसून हिशेब पाहणारा अधिकारी नव्हे. खेळाडू निवडणे, त्यांचा सराव घेणे, डावपेच आखणे आणि पराभव झाला म्हणजे सर्वांचे बोल स्वतः ऐकून घेणे, ही त्याची कामे होत. आपल्या भाषेत सांगावयाचे तर तो आखाड्याचा वस्ताद असतो. लिंकनचे असे एक वस्ताद म्हणजे कीथ अलेक्झांडर.

त्यांचा जन्म १९५६ साली नॉटिंगहॅम येथे झाला. वर्णाने ते कृष्णवर्णीय होते. उमेदीचा बराच काळ त्यांनी लीगबाहेरच्या किरकोळ संघांतून खेळण्यात घालविला. वयाच्या तिशीच्या सुमारास, १९८६ साली, ग्रिम्स्बीच्या संघातून त्यांचा लीगमध्ये प्रवेश झाला. ज्या वयात इतरांचा खेळ उताराला लागतो, त्या वयात यांचा आरंभ झाला. १९९३ साली लिंकनने त्यांना व्यवस्थापक नेमले. कृष्णवर्णीय खेळाडू त्या वेळी इंग्लिश मैदानावर शेकड्यांनी होते. परंतु व्यवस्थापकाच्या जागी तसा माणूस क्वचितच दिसे. १९६० साली रॉचडेल क्लबने टोनी कॉलिन्स यांना ते पद दिले होते. त्यानंतरच्या तीन दशकांत अशी उदाहरणे विरळाच. पायातले कसब घ्यावयाचे, पण हाती अधिकार द्यावयाचा नाही, ही वृत्ती केवळ इंग्लंडातच आहे असे मी म्हणणार नाही. जन्मावरून माणसाची योग्यता ठरविण्याचा रोग आपल्या परिचयाचा आहे, आणि ज्ञातिमंडळाच्या व्यासपीठावरून तर तो स्पष्ट बोलून दाखविणे हे आपले कर्तव्यच होय.

ती पहिली कारकीर्द एका हंगामातच संपली. अलेक्झांडर यांना पदावरून दूर करण्यात आले. त्यांनी मग इल्केस्टन, नॉर्थविच अशा लीगबाहेरच्या गावी जाऊन तेच काम तितक्याच मन लावून केले.

२००२ साली लिंकनवर मोठे अरिष्ट कोसळले. दूरचित्रवाणी प्रक्षेपणाचे हक्क घेतलेली आयटीव्ही डिजिटल ही कंपनी बुडाली व तिच्याकडून येणाऱ्या पैशांवर विसंबलेले लहान क्लब हवालदिल झाले. लिंकन क्लबचा कारभार कर्जापायी कायदेशीर प्रशासकांच्या हाती गेला. गावच्या चाहत्यांनी निधी गोळा करून क्लब तगविला. अशा वेळी संघाची सूत्रे पुनश्च अलेक्झांडर यांच्याकडे आली. हाती पैसा नाही. तेव्हा त्यांनी लीगबाहेरच्या संघांतून, इतरांनी नाकारलेले किंवा कोणाच्या दृष्टीसच न पडलेले खेळाडू वेचून आणले. हा संघ तळाशी जाणार, असे भाकीत जाणकारांनी वर्तविले होते. त्याच संघाने हंगामाअखेर सहावा क्रमांक मिळविला!

या चौथ्या श्रेणीतून पहिले तीन संघ थेट वर चढतात आणि चौथ्यापासून सातव्यापर्यंतचे चार संघ एका जागेसाठी आपसांत झुंजतात. उपांत्य फेरीत लिंकनने शेजारच्या स्कन्थॉर्पला आपल्या मैदानावर ५–३ असे व त्यांच्या मैदानावर १–० असे नमविले. कार्डिफ येथील अंतिम सामन्यात मात्र बोर्नमथने त्यांचा ५–२ असा पराभव केला. पुढील वर्षी हडर्सफील्डकडून उपांत्य फेरीत हार झाली. २००५ साली पुनः अंतिम सामना आणि साऊथएंडकडून जादा वेळेत पराभव. २००६ साली ग्रिम्स्बीने मार्ग अडविला. चार वर्षे, चार वेळा दाराशी, आणि चारही वेळा दार बंद!

या चार वर्षांच्या मध्यात एक भयंकर प्रसंग घडला. नोव्हेंबर २००३ मध्ये मेंदूतील रक्तवाहिनीच्या विकाराने अलेक्झांडर कोसळले. ते वाचतील की नाही, अशी अवस्था होती. त्यांचे सहायक गॅरी सिम्पसन यांनी संघ सांभाळला. सुमारे तीन महिन्यांत अलेक्झांडर मैदानाच्या कडेला परत उभे राहिले व त्याही हंगामात संघ पहिल्या सातांत आला.

त्या काळी सगळेच त्यांच्यावर खूष होते असे समजू नये. त्यांचा संघ उंच, धिप्पाड खेळाडूंचा. चेंडू उंचावरून पुढे धाडावा व कोपऱ्यावरील फटक्यांतून गोल साधावा, ही त्यांची रीत. हा खेळ डोळ्यांना सुखावत नाही, अशी कुरकूर गावातही होती. २००६ च्या जानेवारीत तर संचालकांनी त्यांना काही दिवस कामापासून दूर ठेविले व मग परत बोलाविले. त्या उन्हाळ्यात त्यांनी लिंकन सोडले. पुढे पीटरबरोचा संघ सांभाळून २००८ साली ते मॅकल्सफील्ड या आणखी एका गरीब क्लबाकडे गेले. ३ मार्च २०१० रोजी, नॉट्स काउंटीविरुद्धचा सामना आटोपून घरी परतल्यावर, वयाच्या अवघ्या ५३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचा अंत्यविधी लिंकनच्या त्याच टेकडीवरील कॅथीड्रलमध्ये झाला.

बंधुभगिनींनो, येथेच माझ्या बोलण्याचे सार आहे. ज्याने लिंकनला एकदाही वरच्या श्रेणीत नेले नाही, अशा माणसाला हा मान का मिळावा? १९७६ साली ग्रॅहम टेलर यांच्या हाताखाली याच क्लबने ७४ गुण आणि १११ गोल करून चौथी श्रेणी जिंकली होती. डॅनी काउली यांच्या काळात, २०१७ साली, लीगबाहेर असताना हाच संघ एफ. ए. कपच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला व त्याच वर्षी लीगमध्ये परतला. या विजेत्यांच्या रांगेत गावकरी अलेक्झांडर यांचेही नाव आदराने घेतात. मला वाटते, लोक केवळ फळ मोजीत नाहीत. घर जळत असताना पाण्याची घागर घेऊन कोण धावून आला, हे त्यांच्या ध्यानात राहते. ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही जगाची रीत खरी. पण ती मोडणारी गावेही जगात आहेत.

लिंकनला स्मरणाची ही सवय पूर्वीपासूनची आहे. ११ मे १९८५ रोजी ब्रॅडफर्ड येथे सामना चालू असताना प्रेक्षागाराला आग लागून ५६ माणसे मरण पावली. तो सामना लिंकनशीच होता. मृतांमध्ये लिंकनचे दोन चाहते होते. त्या दोघांची आडनावे जोडून लिंकनच्या मैदानातील एका प्रेक्षागाराला ‘स्टेसी-वेस्ट’ हे नाव देण्यात आले. ज्या गावाने सामान्य प्रेक्षकाचे नाव मैदानावर कोरले, ते गाव आपल्या वस्तादाला कसे विसरेल?

तथापि नुसत्या आठवणींनी संस्था जगत नाही, हेही सांगितले पाहिजे. अलेक्झांडर यांनी अखेरचे काम केले तो मॅकल्सफील्ड क्लब २०२० साली देणी थकल्यामुळे न्यायालयाच्या आदेशाने बंद झाला. त्याच वर्षी त्याच गावी नवा क्लब उभा राहिला, तो माणसांनी पुनः खांदा दिला म्हणून. स्मरणाला कृतीची जोड असेल तरच ते खरे स्मरण. एरव्ही ती भिंतीवरची हार घातलेली तसबीर होय.

आपल्या मंडळातही अलेक्झांडर झाले असतील. मंडळाजवळ पैसा नव्हता त्या दिवसांत दारोदार हिंडून वर्गणी गोळा करणारे, मुलांच्या शिक्षणासाठी स्वतःच्या पदराला खार लावणारे, आणि हाती घेतलेली इमारत पुरी होण्याआधीच निघून गेलेले कार्यकर्ते. अहवालात पूर्ण झालेल्या कामांची यादी असते. अपुऱ्या राहिलेल्या प्रयत्नांची नसते. म्हणून माझी नम्र सूचना अशी की, पुढील स्मरणिकेत अशा कार्यकर्त्यांसाठी चार पाने राखून ठेवावीत, आणि घरोघरीच्या वडीलधाऱ्यांनी त्यांच्या हकीकती आताच लिहून द्याव्यात. सांगणारे आज हयात आहेत. उद्याचा भरवसा कोणी द्यावा?

आणि ज्या मुलांना आज पारितोषिक मिळाले नाही, त्यांना एवढेच सांगतो की, दाराशी चार वेळा पोहोचण्यासाठीही मोठी वाट चालावी लागते. ती वाट चाललेल्याचा समाजाला विसर पडू नये, ही जबाबदारी तुमची नव्हे, आम्हां वडीलधाऱ्यांची आहे.