आधी रेषा वाचा, मग जेसीबी बोलवा

उन्हाळा आला की गावोगावी जलसंधारणाची कामं निघतात. चांगलंच आहे. पण ग्रामसभेत चर्चा कशाची? बंधारा कुणाच्या वावराजवळ घालायचा आणि जेसीबी किती तास लावायचा. गावचा स्थलदर्शक नकाशा, म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाची टोपोशीट, तिथे पसरलेली क्वचितच दिसते. माझी तक्रार एवढीच, आणि आज मी ती पुन्हा पुन्हा करणार आहे : आधी रेषा वाचा.

जलचक्राची आकृती शाळेत सगळ्यांनीच काढली आहे. समुद्र, वाफ, ढग, डोंगर आणि डोंगरावरून सुसाट निघालेली नदी. मला खटकतो तो हा सुसाटपणा. या चक्रातला आपल्या हातातला टप्पा एकच : पाऊस डोंगरावर पडल्यापासून पाणी गावाची शीव ओलांडेपर्यंतचा. आणि तो टोपोशीटवर समान उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या तपकिरी रेषांत दिसतो.

१:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर, दोन रेषांमध्ये साधारण २० मीटर उंचीचा फरक. रेषा दाटल्या की चढ उभा, विरळ झाल्या की उतार सौम्य. ओढ्यापाशी रेषा टोकदार वळते आणि ते टोक उगमाकडे असतं. डोंगराच्या दांडावर नेमकं उलट.

आता कौलारू घर डोळ्यांसमोर आणा. आढ्याच्या अलीकडचा थेंब अंगणात, पलीकडचा परसात. सह्याद्री हे आपलं मोठं आढं. भीमाशंकरला पूर्वेकडे पडलेलं पाणी भीमेतून पंढरपूरवरून कृष्णेला मिळतं, बंगालच्या उपसागरात जातं. पश्चिमेचं कोकणात उतरून अरबी समुद्रात. तुमच्या गावालाही असंच आढं आहे, आणि छपराचा निम्मा भाग कदाचित शेजारच्या गावात. पाणी सातबारा बघून वाहत नाही!

छपराचं अजून संपलं नाही. गवताचं छप्पर पाऊस थांबल्यावरही गळत राहतं. पत्र्यावर सर थांबली की खेळ खलास. झाडोरा तोडून, मोकाट चराई करून आपण डोंगरांचा पत्रा केला. आणि उपाय काय, तर नाला खोल करा. म्हणजे वळचणीची बादली मोठी करा! छप्पर कोण बघणार?

हिशोब करा. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. वर्षात ४०० मिलिमीटरच पडला, तरी हेक्टरी ४० लाख लिटर. एवढं सगळं खाली ओढ्यात अडवणार? म्हणून माथा ते पायथा : वर सलग समतल चर, मग शेताची बांधबंदिस्ती, शेवटी नाल्यावर बंधारा. चरही समान उंचीच्या रेषेतच हवा. जरा कलला की पाणी एका टोकाला धावतं, चर फुटतो आणि नवी घळ पडते. हिवरे बाजार या गावानं डोंगरावर चर खणले, झाडं लावली आणि पाण्याचा ताळेबंद दरवर्षी गावापुढे मांडला. पाहायला जाणारे बंधाऱ्यापाशी फोटो काढून परततात. वर चढून बघत नाहीत.

कुणी म्हणेल, नकाशे जुने झालेत. झाले असतील. रस्ते बदलले, वस्त्या वाढल्या. डोंगराचा उतार बदलला का? म्हणून पुन्हा सांगतो, आधी रेषा वाचा.

मुरलेलं पाणी आपल्या काळ्या पाषाणात कुठे साठतं, एका विहिरीला लागतं आणि शंभर पावलांवरची कोरडी का राहते, हे सांगायचं होतं. पण तो विषय मोठा आहे आणि घड्याळ माझ्याकडे बघतंय.

तोवर एकच काम सांगतो. ग्रामपंचायतीनं नकाशा आणावा आणि शाळेतल्या मुलांकडून गावच्या माथ्याची, म्हणजे आढ्याची, रेघ लाल पेन्सिलीनं काढून घ्यावी. मुलांना जमतं, मोठ्यांनी फक्त शेजारी बसावं. आणि ती लाल रेघ शीव ओलांडून गेली, तर पलीकडच्या सरपंचांना चहाला बोलवा.