परदेशातील मॉल आणि आपली मुले

(पालक मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपल्यापैकी अनेकांच्या घरचे कोणी ना कोणी आखाती देशांत नोकरीनिमित्त वास्तव्य करून आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील कित्येक गावांना तर आखाताची ओळख जुनीच आहे. ही मंडळी सुट्टीत मुलाबाळांना घेऊन घरी येतात, तेव्हा आजी-आजोबांची एक तक्रार हमखास ऐकू येते. नातवंडांना येथे करमत नाही. दुसऱ्याच दिवशी मॉलचा हट्ट सुरू होतो. तक्रार खोटी नाही. परंतु मुलांना दोष देण्यापूर्वी त्यांच्या जीवनात मॉलला हे स्थान का मिळाले, याचा विचार व्हायला हवा.

दुबईचेच उदाहरण घेऊ. तेथे उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो आणि समुद्रामुळे हवा दमट असते. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात उघड्यावर राबणाऱ्या कामगारांना दुपारी साडेबारा ते तीन काम देऊ नये, असा तेथे नियम आहे. मोठ्या माणसांची ही अवस्था, तर चार वर्षांच्या मुलाला खेळायला न्यायचे कोठे? सदनिकेला अंगण नाही, शेजारी आत्या-मावशी नाही, चुलत भावंडे नाहीत. मॉल थंड आहे, स्वच्छ आहे, सुरक्षित आहे आणि आत पाऊल ठेवायला पैसे पडत नाहीत. तेव्हा परदेशी राहणारी आई मुलांना मॉलमध्ये नेते ती केवळ चंगळीसाठी, असे समजणे अन्यायाचे ठरेल. अंगण नसलेल्या घराने शोधलेले ते अंगण आहे.

मॉलचा इतिहासही हेच सांगतो. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात एडिना येथे १९५६ मध्ये साउथडेल हे पूर्णतः छताखाली असलेले व्यापारी संकुल उभे राहिले. आजच्या बंदिस्त मॉलचा तो मूळ नमुना. तेथे प्रश्न उन्हाचा जितका, तितकाच कडाक्याच्या थंडीचा होता. त्याचा वास्तुरचनाकार व्हिक्टर ग्रुएन हा मूळचा व्हिएन्नाचा ज्यू. नाझी राजवटीमुळे १९३८ मध्ये त्याला मायदेश सोडावा लागला. माणसांनी एकत्र यावे असा चौक, भोवती घरे, शाळा, उद्यान, असे त्याचे स्वप्न होते. प्रत्यक्षात चौकाचा बाजार तेवढा झाला. उतारवयात ग्रुएनने स्वतःच या प्रकाराचे पितृत्व नाकारले. परदेशात राहणाऱ्या एका माणसाने माणसांना जोडण्यासाठी जी वास्तू कल्पिली, ती पुढे वस्तू खपविण्याचे साधन ठरली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

दुबईत हा बाजार उत्तरोत्तर भव्य होत गेला. १९९५ मध्ये देरा सिटी सेंटर आले. २००५ मध्ये मॉल ऑफ द एमिरेट्स आले आणि वाळवंटात छताखाली बर्फ पडू लागला. २००८ मध्ये दुबई मॉल उघडला, तेथे तर प्रचंड मत्स्यालय आहे. मुलांनी हरखून जावे असेच हे सारे आहे. आणि हरखलेले मूल खेळण्यांच्या दुकानासमोर उभे राहते, तेव्हा खरी परीक्षा असते ती आई-वडिलांची.

आठवडाभर वडील कामावरून रात्री उशिरा घरी येतात. अनेक घरांत आईही नोकरी करते. मुलांना वेळ देता आला नाही, ही टोचणी दोघांच्याही मनात असते. मग सुट्टीच्या दिवशी मूल जे मागेल ते हाती दिले जाते. वेळेची उणीव वस्तूने भरून काढण्याचा हा व्यवहार मुलाच्या लगेच लक्षात येतो. प्रेम म्हणजे खरेदी, असा त्याचा समज होतो. हाच समज घेऊन ते सुट्टीत आजीच्या दारात येते. आजीजवळ देण्यासारखे पुष्कळ असते, पण ते विकत मिळणारे नसते. म्हणून नातवाला ते दिसत नाही. खरी हानी खिशाची नाही, ती येथे आहे.

यावर मॉलवर बहिष्कार हा उपाय नव्हे. त्याच मॉलमध्ये डोळसपणे जाणे हा उपाय आहे. तेथील अनेक मॉलमध्ये खेळण्यांच्या दुकानापासून थोड्या अंतरावर मायदेशी पैसे पाठविण्याची एक्स्चेंजची खिडकी असते. पगार झाला की तेथे भारतीय, नेपाळी, पाकिस्तानी, फिलिपिनो कामगारांची रांग लागते. पूर्वी वडीलही त्या रांगेत उभे राहत आणि हात धरून मूलही उभे असे. आता पुष्कळांचे पैसे मोबाइलवरून क्षणात जातात. सोय झाली, पण बाबा आजीच्या औषधासाठी, काकांच्या शिक्षणासाठी दरमहा काही पाठवितात, हे मुलाच्या दृष्टीआड झाले. महिन्यातून एकदा तरी मुलाला त्या रांगेत उभे करावे. इतके दिरहम गेले, त्याचे इतके रुपये झाले, ते अमक्यासाठी, हे त्याला सांगावे. नंतर खेळण्याच्या किमतीची चिठ्ठी त्यालाच वाचू द्यावी. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे शंभरदा सांगून जे उमगत नाही, ते या दोन खिडक्यांमधील अंतर चालताना उमगते.

पाहण्यासारखेही तेथे पुष्कळ आहे. इब्न बतूता मॉल हा चौदाव्या शतकातील प्रवाशाच्या नावाने उभारलेला आहे. या मोरोक्कोच्या प्रवाशाने दिल्लीत महंमद तुघलकाच्या पदरी काझी म्हणून काम केले होते. मॉलच्या दालनांत अंदालुसिया, ट्युनिशिया, इजिप्त, इराण, भारत आणि चीन असे सहा प्रदेश उभे केले आहेत. भारताच्या दालनात हत्तीच्या आकाराचे भव्य घड्याळ आहे. त्यापुढे उभे राहून या प्रवाशाची गोष्ट सांगायला एक दिरहमही लागत नाही. ती मराठीत सांगितली, तर भाषेचाही अभ्यास होतो. फरशी पुसणाऱ्या कामगाराला मुलाने काका म्हणून हाक मारली, दोन शब्द विचारले, तर तो संस्कारही तेथेच होतो.

शेवटी एक विनंती येथील आजी-आजोबांना. नातवंडे येतील तेव्हा त्यांना रिझविण्यासाठी शहरातल्या मॉलकडे धाव घेऊ नका. त्यांना कामे द्या. विहिरीचे पाणी शेंदू द्या, आंबे अढीत लावू द्या, आठवडी बाजारात पिशवी धरू द्या. पहिले दोन दिवस मुले कुरकुरतील. तेवढा धीर धरा. तेथे आई-वडील आणि येथे तुम्ही, दोघांनी मिळून हे केले, तर मॉल मुलांच्या जीवनात राहील. पण जीवन मॉलपुरते राहणार नाही.