दुखण्याचा कागद आपल्या हातात हवा

(महाळुंगे येथे मुळशीतल्या वाड्या-वस्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आज आपण वनहक्काच्या दाव्यांचं बोलायला जमलो. कुणाचा दावा अडकलाय, कुणाच्या नकाशात चूक आहे, ते सगळं बोलायचंच आहे. पण त्याआधी आम्हा पोरांना थोडं दवाखान्याचं बोलायचं आहे. कुणी म्हणेल, जमिनीच्या बैठकीत दवाखाना कशाला? आधी ऐकून घ्या, मग काय ते सांगा.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीतल्या नऊ वर्षांच्या पोराला वीटभट्टीवर विंचू चावला. विटा उचलत होतं. आधी भगताकडे नेलं, त्यात वेळ गेला. पोराला दरदरून घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले. मग टेम्पोत घालून एका दवाखान्यात नेलं. तिथं सुई दिली आणि पुढे न्या म्हणाले. पुढच्या ठिकाणी डॉक्टरांनी विचारलं, किती वाजता चावला? आधी कसली सुई दिली? आमच्याकडे उत्तर नव्हतं. कागदही नव्हता. पोर रात्रीच गेलं.

कागद असता तर ते वाचलंच असतं, असं आम्ही म्हणत नाही. पण त्या पोराचं कुठेच काही लिहिलेलं नाही. त्याच्या मरणातून पुढच्या पोरासाठी कुणी काही शिकलं नाही. हे आम्हाला फार लागलंय.

आता दुसरी गोष्ट ऐका. ती लांबची नाही. ताम्हिणी घाट उतरून माणगाव, आणि तिथून पुढे महाड. आपली किती माणसं तिकडे कामाला जातात. महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर आले. कोकणात लाल विंचू फार. आपण मोठ्या काळ्या विंचवाला भितो, पण जीव घेतो तो हा लहान लाल विंचू. त्या काळात ज्यांच्या अंगात त्याचं विष भिनायचं, त्यांतले शंभरातले तीसच्या आसपास दगावायचे. औषध माहीत नव्हतं.

या डॉक्टरांनी काय केलं? आलेल्या प्रत्येक पेशंटच्या उशाशी बसले आणि लिहीत गेले. घाम कधी सुटला, उलटी कधी झाली, नाडी कशी चालते, रक्तदाब किती, दम कधी लागला. लिहिता लिहिता त्यांना दिसलं की ज्याला नुसती कळ लागते तो बहुधा बचावतो. पण घाम, उलटी, गार हातपाय ही लक्षणं दिसली की समजायचं, हृदयावर ताण आलाय आणि पुढे छातीत पाणी भरणार. ही लक्षणं त्यांनी १९८२ साली ‘लॅन्सेट’ या विलायतेच्या डॉक्टरी साप्ताहिकात छापून आणली.

मग औषध. विषाने रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदय थकतं. तर त्या वाहिन्या सैल करणारी गोळी द्यावी, असा त्यांनी विचार केला. रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची साधी गोळी त्यांनी वापरली. माणसं वाचू लागली. १९८६ साली तेही लॅन्सेटमध्ये आलं. तिसातले मरण एक-दोनावर आलं. पुढे विंचवाच्या विषावरची लसही आली. गोळीसोबत लस दिली तर फायदा होतो का, हे त्यांनी महाडलाच ७० पेशंटमध्ये तपासलं. ३५ जणांना नुसती गोळी आणि ३५ जणांना गोळी व लस. दहा तासांत पहिल्या गटातले ८ जण पूर्ण बरे झाले, दुसऱ्या गटातले ३२. हे २०११ साली छापून आलं. इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. गोळी सगळ्यांनाच दिली होती. ठाऊक असलेल्या औषधावाचून कुणालाही ठेवलं नव्हतं.

म्हणजे पाहा, मोठ्या शहरातल्या काचेच्या इमारतीत नाही, तालुक्याच्या दवाखान्यात हे शोध लागले. आणि ते कुणाच्या अंगावरून लागले? शेतावर राबणाऱ्या, पेंढा उचलणाऱ्या, अनवाणी चालणाऱ्या माणसांच्या. डॉक्टरांची मेहनत मोठीच, पण शरीर आपल्यासारख्यांचं होतं. जगभरचे डॉक्टर आज त्यावरून शिकतात. मग आमचं म्हणणं एवढंच, की ते शिकलेलं फिरून आपल्या वाडीपर्यंत यायला नको का?

ते असं येऊ शकतं, याचं उदाहरण गडचिरोलीला आहे. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था. दवाखाना बांधण्याआधी त्यांनी आदिवासींना विचारलं, तुम्हाला कसा हवा? लोकांनी सांगितलं, मोठी इमारत नको, आमच्या घरांसारख्या झोपड्या हव्यात. नाव दिलं ‘माँ दंतेश्वरी दवाखाना’. गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी झाली. शंभरातल्या ९२ बायांना अंगावरचं काही ना काही दुखणं निघालं, आणि आधी तपासणी झालेल्या फक्त आठ. १९८९ साली ते छापून आलं तेव्हा जगाला कळलं की खेड्यातली बाई काय सोसते. पुढे गावातल्याच बायांना शिकवून आरोग्यदूत केलं आणि ३९ गावांत त्या घरोघर तान्ही बाळं सांभाळू लागल्या. शेजारच्या ज्या गावांत हे काम नव्हतं, त्यांच्याशी ताडून पाहिलं तर नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झालेले. कमी शिकलेल्या बाईने लिहिलेल्या नोंदी १९९९ साली लॅन्सेटमध्ये गेल्या. आपल्या आयाबायांनी हे मनात ठेवावं.

पण अभ्यासाची दुसरी बाजूही आहे, तीही सांगितली पाहिजे. तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात २००९ साली शाळकरी मुलींना एक लस टोचण्याचा प्रकल्प झाला. त्यात पुष्कळ मुली आदिवासी, वसतिगृहात राहणाऱ्या. आईबापांची सही हवी तिथे कितीतरी कागदांवर वॉर्डनच्या आणि मुख्याध्यापकांच्या सह्या. २०१० साली ओरड झाल्यावर काम थांबवलं. काही मुली दगावल्या होत्या. ते मृत्यू लसीमुळे नाहीत, असं चौकशीत म्हटलं गेलं. पण संमती नीट घेतली नव्हती हे चौकशीतही निघालं आणि २०१३ साली संसदेच्या समितीने कडक शब्दांत लिहिलं. लस चांगली की वाईट हा वेगळा प्रश्न. आईबापाला न विचारता पोरीच्या दंडात सुई घालायची नाही, हा आपला प्रश्न.

आता जमिनीकडे या. दावा करताना आपण काय शिकलो? १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसतो म्हणून भागत नाही, पुरावा लागतो. ग्रामसभा लागते. म्हाताऱ्या माणसाचा जबाबही लिहून घेतला तर तो पुरावा होतो. लिहिलं नाही तर पिढ्यान् पिढ्यांचं रान एका दिवसात अतिक्रमण ठरतं. दुखण्याचंही तसंच आहे. लिहिलं नाही तर मेलेलं पोर मेलंच नाही असं होतं.

म्हणून आमच्या या सूचना आहेत. पटल्या तर ग्रामसभेत ठराव करा.

एक. प्रत्येक वस्तीत एक वही ठेवायची. साप-विंचू चावणं, बाळंतपण, ताप, मरण. कोण, कधी, काय झालं, कुठे नेलं. शाळेत जाणारं पोर लिहील. वही वस्तीची, नावं बाहेर द्यायची नाहीत.

दोन. विंचू चावला तर वेळ बघून ठेवा. घाम, उलटी, गार हातपाय दिसले तर थांबू नका, लगेच दवाखाना. भगताला मान आहेच, पण त्यालाही गाडीत सोबत घ्या.

तीन. दवाखान्यातून कागदाशिवाय उठायचं नाही. भरती पेशंटचे कागद मागितल्यावर ७२ तासांत दिले पाहिजेत, असा डॉक्टरांसाठी नियम आहे. हात जोडून नाही, हक्काने मागा.

चार. आपल्या आरोग्य केंद्रात प्राझोसिन आणि विंचू-सापाची लस आहे का, हे दर पावसाळ्याआधी जाऊन विचारायचं.

पाच. कुणी अभ्यासासाठी रक्त घ्यायला, माहिती लिहायला आलं तर आधी ग्रामसभेत बसवा. कशासाठी? काय धोका? नाही म्हटलं तर उपचार बंद होणार का? निघालेलं उत्तर गावात येऊन सांगणार का? आणि ग्रामसभेने हो म्हटलं तरी ज्या बाईचं, ज्या पोराचं शरीर, त्याला वेगळं विचारायचं. बाई नको म्हणाली तर नवऱ्याने आणि गावाने गप्प बसायचं.

आम्ही अभ्यासाच्या विरोधात नाही. महाडच्या त्या वह्या नसत्या तर आणखी किती पोरं गेली असती. आम्हाला अभ्यास हवा आहे, पण आपल्याला विचारून, आणि त्याचा हिशोब आपल्याला देऊन.

आमच्या वस्तीची वही आम्ही सुरू केली आहे. पहिल्या पानावर त्या भट्टीवरच्या पोराचं लिहिलंय. आठवलं तेवढं, त्याच्या आईला विचारून. पुढच्या बैठकीला प्रत्येक वस्तीने आपली वही घेऊन यावी.

जल, जंगल, जमीन आपली. शरीरही आपलंच. जिंदाबाद!