पोरास विचारलेला एक प्रश्न

(सास्तूर येथें पालकांच्या बैठकींत केलेलें भाषण)



आम्ही मास्तर माणूस. फळ्यापुढें बोलण्याची संवय, सभेंत बोलण्याची नाहीं. तरी आज तुमच्याकडे एक मागणें घेऊन उभे आहों. घाबरूं नका, वर्गणी मागत नाहीं.

मुंबईस एल्फिन्स्टन हायस्कुलांत शिकणारा एक मुलगा शाळा सुटल्यावर चर्नीरोडच्या बागेंत पुस्तक घेऊन बसे. घर परळच्या चाळींत. जागा थोडी, माणसें फार. लहानपणीं सातारच्या शाळेंत त्यास घरून नेलेल्या तरटावर वेगळें बसावें लागलें होतें. मुलाचें नांव भीमराव आंबेडकर.

त्याच बागेंत विल्सन हायस्कुलांतले मास्तर कृष्णाजी अर्जुन केळुसकर येऊन बसत. शिवछत्रपतींचें मोठें चरित्र लिहिलें ते हेच. त्यांनीं ह्या पोरास रोज वाचतांना पाहिलें आणि आपण होऊन त्याची विचारपूस केली. मग त्यास पुस्तकें देऊं लागले. परीक्षा पास झाल्याबद्दल मुलाच्या सत्काराची सभा भरली, तेव्हां स्वतः लिहिलेलें बुद्धचरित्र त्याच्या हातांत ठेविलें. पुढें सयाजीराव महाराजांकडे नेऊन महिना २५ रुपयांची शिष्यवृत्तिहि मिळवून दिली. केळुसकर १९३४ सालीं वारले. बाबासाहेबांनीं १९५६ सालीं नागपुरास बौद्ध धम्म घेतला. त्या वर्षींहि, आपल्या अखेरच्या ग्रंथाची प्रस्तावना लिहितांना, त्यांस लहानपणीं मिळालेल्या त्या पुस्तकाची आठवण होतीच.

लोक २५ रुपयांची गोष्ट सांगतात. आम्हांस बागेंतली विचारपूस मोठी वाटते. कां, तें सांगतों.

१९९३ सालीं आम्ही चवदा वर्षांचे होतों. गणपति बोळवून गांव निजलें होतें. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं काय झालें, तें सास्तुरास सांगावयास नको. दोन दिवसांनीं सैन्यांतला एक जवान आमच्या घराचा ढिगारा उपशीत होता. त्यास आमची वही सांपडली. त्यानें ती झटकली, पानें चाळलीं आणि हिंदींत विचारलें, हें गणित अर्धेंच राहिलें आहे, पुरें कधीं करणार? शाळा उरली नव्हती. आम्ही पुन्हां शिकणार आहों हें त्या दिवशीं त्या एकट्यानें धरून चाललें होतें. त्याचें नांव विचारण्याचें भान कुणास होतें! गणित त्या रात्रीं कंदिलाशीं बसून पुरें केलें. उत्तर चुकलें, ती गोष्ट निराळी.

आतां आमचें मागणें. बांधावर, लोहाराच्या भात्यापाशीं, दुकानाच्या पायरीवर कुणाचेंहि पोर वही घेऊन बसलेलें दिसलें, मग तें आपल्या आळींतलें असो वा पलीकडच्या, तर त्यास पाणी आणावयास धाडण्याआधीं काय वाचतोस म्हणून विचारा. मुलगी असली तर तिलाहि विचारा. तुम्हांस वाचतां येत नसेल, तर घटकाभर टेका आणि त्यासच वाचून दाखवावयास सांगा.