संगणकाची खरेदी : किंमत आणि आयुष्य



बैल विकत घेताना आपण रंगविलेल्या शिंगांवर भाळत नाही; दात पाहून वय ताडतो. शाळेचा अथवा ग्रामपंचायतीचा संगणक घेताना मात्र वय पाहावयाचे राहून जाते. हे वय कळते ते प्रोसेसरवरून, म्हणजे गणनेचे सर्व काम करणाऱ्या मुख्य चिपवरून.

इंटेलच्या प्रोसेसरांना ‘आय ३’, ‘आय ५’, ‘आय ७’ अशी नावे आहेत. आकडा मोठा म्हणजे माल उत्तम, हा समज अपुरा आहे. त्यापुढील क्रमांकात पिढी दडलेली असते. ‘आय ५-७४००’ सातव्या पिढीचा, २०१७ सालचा; ‘आय ३-१२१००’ बाराव्या पिढीचा, २०२२ सालचा. नावाने धाकटा असलेला हा दुसरा कामात सरस आहे. अलीकडे नामकरणाची पद्धत बदलली आहे. म्हणून दरपत्रकात प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक आणि तो बाजारात आल्याचे साल लिहून घ्यावे.

प्रश्न केवळ वेगाचा नाही. विंडोज १० प्रणालीस मिळणारे नियमित सुरक्षा-साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. आणि २०२१ साली आलेली विंडोज ११ प्रणाली इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतच्या बहुतेक प्रोसेसरांना अधिकृत मान्यता देत नाही. सुस्थितीतील यंत्रेही त्यामुळे अकाली वृद्ध झाली. त्यांवर लिनक्स प्रणाली बसवून वाचन-लेखनाचे काम घेता येते. परंतु नव्या खरेदीत जुना साठा स्वस्त म्हणून पदरात पाडून घेणे इष्ट नव्हे.

याउलट, सर्वांत महागडा प्रोसेसर घेणे हाही अपव्ययच. मराठी टंकलेखन, हिशेब, दाखले आणि दृक्‌श्राव्य पाठ यांसाठी नव्या पिढीचा ‘आय ३’ किंवा एएमडी कंपनीचा त्याच तोडीचा रायझेन पुरेसा होतो. वाचलेली रक्कम १६ जीबी स्मृती आणि एसएसडी साठवण यांवर खर्चावी.

किंमत नेहमी वर्षांनी भागून पाहावी. समजा, ३०,००० रुपयांचे यंत्र तीन वर्षे चालले, तर वर्षाला १०,००० रुपये पडले. ४०,००० रुपयांचे आठ वर्षे चालले, तर ५,०००. पैसा गावाचा आहे. स्वस्त काय, हे खरेदीच्या दिवशी नव्हे, तर यंत्र मोडीत काढण्याच्या दिवशी ठरते, एवढे ध्यानात ठेवावे, ही विनंती.