कंपवात आणि मेंदूचे छायाचित्र



मी वैद्यकशास्त्राचा अभ्यासक नव्हे. वाणिज्य शाखेचा पदवीधर व व्यवसायाने कापड व्यापारी. तथापि घरातील ज्येष्ठांचा हात कापू लागला की एम.आर.आय. काढावा आणि तो ‘नॉर्मल’ आला की निश्चिंत व्हावे, असा जो समज आपल्यात रूढ आहे, त्याविषयी चार शब्द बोलणे मला अगत्याचे वाटते.

लंडनचे डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या व्याधीचे वर्णन केले. यात मध्यमेंदूतील ‘सब्स्टॅन्शिया नायग्रा’ या काळसर भागातील डोपामीन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट होत जातात. लक्षणे जाणवेपर्यंत त्यांचा मोठा हिस्सा गेलेला असतो. तरीही नेहमीच्या एम.आर.आय.मध्ये मेंदू बहुधा वयाला साजेसाच दिसतो. ताग्याची वरची घडी पाहून आतील कापड विरले आहे की नाही, हे आम्हा व्यापाऱ्यांनाही सांगता येत नाही. सूत मोजण्यास भिंगच लागते. तसे भिंग आता उपलब्ध आहे. ३ टेस्ला क्षमतेच्या यंत्रावर विशेष पद्धतीने घेतलेल्या चित्रात निरोगी व्यक्तीच्या या भागात पाकोळीच्या दुभंगलेल्या शेपटीसारखी आकृती दिसते. कंपवातात ती बहुधा लोपते. असे असले तरी निदान मुख्यत्वे मेंदूविकारतज्ज्ञ रुग्णाची चाल, ताठरता व हालचालींतील मंदपणा तपासूनच करतात.

मग एम.आर.आय. कशासाठी? कंपवातासारखे भासणारे अन्य विकार ओळखण्यासाठी! ‘पी.एस.पी.’ या विकारात मध्यमेंदू झिजून बाजूने हमिंगबर्ड पक्ष्यासारखा दिसू लागतो. असे रुग्ण लवकरच तोल जाऊन पडू लागतात व कंपवाताच्या औषधांचा त्यांना फारसा गुण येत नाही. हंटिंग्टनच्या आनुवंशिक विकारात ‘कॉडेट’ हा भाग आक्रसतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, काहींच्या मेंदूतील पाण्याच्या पोकळ्या फुगतात. पाय जमिनीस चिकटल्यागत चाल होते, लघवीवर ताबा राहत नाही, विस्मरण होते. ‘वय झाले’ म्हणून घरचे स्वस्थ बसतात. वस्तुतः शस्त्रक्रियेने नळी बसवून ते पाणी पोटात सोडल्यास यांतील अनेकांची चाल सुधारते. पूर्ण आयुष्य हिशेबात गेलेल्या माझ्यासारख्यास तरी तपासणीचा खर्च येथे वसूल झाला असे वाटते.

तपासणीस जाताना जुन्या फिल्म व चालू औषधांची यादी अवश्य सोबत न्यावी. मानसिक विकारांवरील व उलटीवरील काही औषधांनीही कंपवातासारखी लक्षणे उद्भवतात आणि ती कोणत्याही छायाचित्रात दिसत नाहीत.